भट्टीशेजारची शेकोटी

निफाडची थंडी बाहेरच्यांना पेपरातून कळते. डिसेंबर उजाडला की पारा घसरल्याची बातमी एकदा तरी येतेच. आम्हाला ती पाठीवरून कळते. मळ्यातल्या घरामागे २०२१ मध्ये आम्ही पिझ्झाची भट्टी बांधली आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात तोच तमाशा. पाहुणे भट्टीच्या तोंडाशी घोळका करून हात शेकत उभे, आणि मी लांब दांड्याचं फावडं घेऊन "जरा सरका, जरा सरका" करत मागे. भट्टी आतून ३६ इंची, पण तिचं तोंड जेमतेम ११ इंच उंच. तेवढ्यातून किती जणांना ऊब मिळणार? आई शाल गुंडाळून लांब खुर्चीवर बसायची. एकदा वैतागून म्हणाली, "अरे, एवढी लाकडं जाळतोस आणि सगळी ऊब त्या घुमटात कोंडून ठेवतोस. साधी शेकोटी पेटव की!"

तिचं खरं होतं. भट्टीचं कामच ऊब कोंडायचं. पण अंगणात उघडी शेकोटी पेटवली की धूर बरोबर ज्याचे डोळे चुरचुरतात त्याच्याकडे वळतो, तो कुठेही बसला तरी. म्हणून ठरवलं, भट्टीला लागून पाठीला भिंत आणि वर धुराडं असलेली पक्की शेकोटी बांधायची. गवंडी तेच, भट्टीवाले तात्या.

माझ्या डोक्यात आधी जे चित्र होतं ते भट्टीचंच होतं: खोल, कमानदार, अंधारी. वाचायला बसल्यावर कळलं की हे अगदी उलटं आहे. बेंजामिन थॉम्प्सन नावाचा अमेरिकेत जन्मलेला एक खटपट्या माणूस पुढे बव्हेरियाच्या दरबारात जाऊन काउंट रम्फर्ड झाला. त्याने १७९६ मध्ये घरातल्या शेकोट्यांवर एक निबंध लिहिला आणि लंडनमधल्या कितीतरी धुरकट शेकोट्या दुरुस्तही करून दिल्या. त्याचं म्हणणं असं की शेकोटी उथळ हवी. मागची भिंत अरुंद, पुढच्या तोंडाच्या साधारण एक तृतीयांश. बाजूच्या भिंती तिरक्या, बाहेर उघडत जाणाऱ्या, म्हणजे जाळाची धग त्यांच्यावर आपटून माणसांकडे येते. आणि धुराड्यात शिरायची वाट चारेक इंचांची, अरुंद. तात्यांनी त्या वाटेला पहिल्याच दिवशी 'नरडं' हे नाव दिलं आणि पुढे आम्ही सगळे तेच म्हणायला लागलो.

तिरक्या भिंती मात्र त्यांना पटेनात. "भाऊ, गुण्यात, काटकोनात घेऊ ना सरळ. तिरक्यात विटा किती तुटतील!" विटा तुटल्या, खरंच. पण मी ऐकलं नाही.

सुरुवात पायापासून, कारण आमची जमीन काळी. द्राक्षाला सोनं, बांधकामाला शत्रू. पावसाळ्यात फुगते आणि मेमध्ये हात आत जाईल एवढी भेगाळते. भट्टीच्या वेळी मी पुढचा ओटा वरच्यावरच सोलिंग टाकून उरकला होता. पहिल्याच उन्हाळ्यात त्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला, तो अजून तिथेच आहे. या वेळी मुरूम लागेपर्यंत खणायचं ठरवलं. तो साडेतीन फुटांवर लागला. दोन माणसं, पहार, टिकाव, दीड दिवस. वर डबर, मग पीसीसी म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, मग जाळी टाकून स्लॅब. भट्टीच्या पायाला हा पाया जोडला नाही. मध्ये एक इंचाची फट सोडून त्यात सिरॅमिक फायबरची, आच सोसणारी दोरी ठासली. तात्या म्हणाले, "शेजारी राहावं, पण भिंत एक नसावी." त्यांच्या आणि त्यांच्या भावाच्या वाटणीबद्दल मला थोडंफार ठाऊक होतं, म्हणून मी नुसतंच हूं केलं.

फायरब्रिक, म्हणजे जाळ सोसणाऱ्या विटा, नाशिकजवळच्या सातपूरच्या एका दुकानातून आणल्या. भट्टीच्या उरलेल्या चाळीसेक होत्याच. साध्या विटेच्या कैकपट भाव, आणि हातात घेतली की वजनातला फरक लगेच कळतो. खरा वाद झाला तो सांध्यांवरून. तात्यांना सिमेंटचा माल हवा होता. मी सांगत होतो की सिमेंट ४०० अंशांच्या पुढे ताकद सोडतं, जाळाच्या आत फक्त फायरक्ले, म्हणजे आच सोसणारी मातीच लावायची आणि सांधाही दोन-तीन मिलिमीटरच ठेवायचा. "मातीनं काय धरणार?" म्हणत ते थापी खाली ठेवून बसले. मग मीच विचारलं, "तात्या, तुमच्या मामाचं गुऱ्हाळ होतं ना? त्याच्या चुलवणाला सिमेंट होतं का हो?" ते दोन मिनिटं गप्प. मग बिडी विझवली, घमेल्यात फायरक्ले ओतली आणि ताकासारखी पातळ कालवायला लागले. वीट पाण्यात बुडवायची, त्या रबडीत एक बाजू बुडवायची, जागेवर ठेवून घासायची, आणि हातोडीच्या दांड्याने दोन टोले. त्यानंतर त्या कामात मला बोलायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

मधल्या काळात एक मूर्खपणा झाला, तो निम्मा माझा. शेकोटीच्या तळाला पुढे शोभा म्हणून कादवेच्या पात्रातले गुळगुळीत गोटे बसवले होते. दिसत छान होते. पुढे पेटवायला लागल्यावर तिसऱ्या जाळाला त्यातला एक फटाक्यासारखा फुटला आणि चकती उडून माझ्या पँटवर आदळली. नदीच्या दगडात पाणी मुरलेलं असतं, ते आत वाफ होऊन बसतं आणि वाट मिळाली नाही की दगडच फोडून बाहेर पडतं. मुलं त्या क्षणी भट्टीजवळ होती म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी सगळे गोटे पहारीने उखडले आणि तिथेही फायरब्रिक घातली. बाहेरून आमचा काळा घडीव दगड लावला आहे, पण तिथपर्यंत आच येत नाही.

आता धुराची गोष्ट, कारण जीव खाल्ला तो तिने.

काम संपल्यावर तीन आठवडे सुकू दिलं. मग पहिल्या संध्याकाळी आईच्या हस्ते चार काड्या पेटवल्या. धूर क्षणभर वर गेल्यासारखा वाटला, आणि मग शेकोटीच्या वरच्या ओठावरून वळून सरळ आमच्या तोंडावर. गार धुराड्यात थंड हवा बसलेली असते, ती आधी हलवावी लागते, हे माहीत होतं. म्हणून पेपर चुरगाळून पेटता बोळा नरड्यात धरला. पाच मिनिटं बरं चाललं. मोठं लाकूड टाकलं की पुन्हा तेच. आई पदर नाकाला लावून म्हणाली, "हे तर अंगणात फुकट मिळत होतं."

दुसऱ्या दिवशी तात्या उदबत्ती घेऊन आले. जाळ लावून ती उदबत्ती तोंडाच्या कडेकडेने फिरवली. खाली धूर आत ओढला जायचा, वर गेलं की बाहेर वळायचा. मग त्यांनी पत्र्याचा एक तुकडा तोंडाच्या वरच्या कडेला धरला आणि इंचाइंचाने खाली आणला. एक इंच, दोन इंच, धूर आहे. चार इंच, कमी. साडेसहाला जादू झाल्यासारखा थांबला. पत्रा वर केला, धूर आला. खाली केला, गेला. आम्ही दोघं लहान पोरांसारखे तो खेळ दहा मिनिटं खेळलो.

मग मी वही उघडली. शेकोटीचं तोंड ३६ इंच रुंद, ३० उंच, म्हणजे १०८० चौरस इंच. धुराडं आतून ९ बाय ९, म्हणजे ८१. धुराड्याचं तोंड शेकोटीच्या तोंडाच्या दहाव्या हिश्शाएवढं तरी लागतं, आणि धुराडं बुटकं असेल तर आठव्या. आमचं तेराव्याच्या आसपास. गंमत म्हणजे हा हिशेब मी आधीच केला होता, वहीत १२ बाय १२ असा आकडाही होता. पण विटा लावताना तात्या म्हणाले, नऊ इंचाला प्रत्येक बाजूला एक अख्खी आणि एक अर्धी वीट बरोबर बसते, आणि मी मान डोलावली होती. तिरक्या भिंतींसाठी भांडलो आणि हे सोडलं.

धुराडं पाडायची माझी छाती झाली नाही. त्याऐवजी तोंडावरचा लोखंडी अँगल काढून ६ इंच खाली घेतला आणि वर विटांचे दोन थर भरले. धुराडं तीन फूट वाढवलं, कारण उंची वाढली की ओढ वाढते. अँगल काढताना कळलं की तो दोन्ही टोकांना घट्ट चिणला होता. लोखंड तापलं की लांबी वाढते. तीन फुटांच्या अँगलला चारशे अंशांत चारेक मिलिमीटर जागा हवी, नाहीतर तो विटा ढकलतो. या वेळी टोकांना फायबर गुंडाळून मोकळा ठेवला. नरड्यातली मालाची बोंडंही तात्यांनी हात घालून घासून काढली, कोपरापर्यंत काळे होऊन. आता तोंड ८६४ चौरस इंच, हिशेब साडेदहाच्या जवळ. पुन्हा उदबत्ती फिरवली. चारी बाजूंनी आत.

त्यानंतर आठवडाभर रोज संध्याकाळी छोटा जाळ, दरवेळी थोडा मोठा. बाहेरच्या दगडावर पाण्याचे थेंब फुटायचे आणि सुकल्यावर पांढरा क्षार उमटायचा. तो ब्रशने झाडला. भट्टीच्या वेळी हीच घाई केली होती आणि घुमटाला केसासारखी चीर पडली होती, म्हणून या वेळी शहाण्यासारखा वागलो.

सरपणाचं आमच्याकडे सोपं आहे. बाभळीचे ओंडके निखाऱ्याला, आणि छाटणीच्या द्राक्षकाड्या पेटवायला. त्या चटकन धरतात. पण काड्यांवर वर्षभराच्या फवारण्या बसलेल्या असतात, म्हणून त्या शेकोटीतच. जिथे खाण्याचं भाजतो त्या भट्टीत एकही काडी जात नाही. भट्टीचं भाजणं संपलं की आतले निखारे फावड्याने शेकोटीत सरकवतो, एक काडी न ओढता शेकोटी पेटते. दोन्ही शेजारी बांधल्याचा हा फायदा आधी सुचला नव्हता.

जानेवारीत एका रात्री पारा पाचाच्या खाली जाणार असं कळलं. अशा रात्री आमच्याकडे बागायतदार झोपत नाहीत. गारठ्याने मण्यांना तडे जातात, म्हणून बागेच्या कडेने ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी सोडतात. आम्हीही आमच्या बागेत फेरी मारून दोनच्या सुमारास परतलो. आई जागी होती. शेकोटीपुढे खुर्ची ओढून, भट्टीतून सरकवलेल्या निखाऱ्यात दोन वांगी पुरून बसलेली. तात्याही होते, शेजारच्या बागेत राखणीला आलेले. पिझ्झा उरला होता, त्याकडे त्यांनी बघितलंही नाही. वांग्याची वाट बघत बसले.

उगवतीकडून जोराचा वारा सुटला की अजून कधीमधी धुराचा एखादा लोट खाली येतो. त्या रात्रीही आला. तात्यांनी काही न बोलता हात वर केला, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला तो पत्र्याचा तुकडा काढला आणि तोंडाला लावून धरला.