तबकडी कोणाची, हे शोधणारी माणसे

नोकरीनिमित्त मी दोन वर्षे मँचेस्टरमध्ये होतो. २००४ च्या हिवाळ्यात तिथल्या ओल्डहॅम स्ट्रीटवरील एका दुकानातून मी ‘हार्ट ऑफ द काँगोज’ या अल्बमची दोन सीडींची आवृत्ती विकत घेतली. जमैकातले रेगे संगीत म्हणजे बॉब मार्ली एवढीच माझी समजूत होती, त्यामुळे या अल्बमच्या सेड्रिक मायटन आणि रॉयडेल जॉन्सन या गायकांची नावे मला सर्वस्वी अपरिचित होती. घरी येऊन गाणी ऐकली, ती आवडलीही. परंतु त्या रात्री मला जागे ठेवले ते आतल्या पुस्तिकेने. १९७७ मध्ये जमैकाची राजधानी किंग्स्टनमधल्या ‘ब्लॅक आर्क’ स्टुडिओत निर्माता ली पेरीने हे ध्वनिमुद्रण कसे घडवले, आयलंड या बड्या कंपनीने ते प्रकाशित करण्यास नकार दिल्यावर त्याचे काय झाले आणि कोणते वाद्य कोणी वाजवले, हे सारे त्यात एखाद्या जाणत्या संपादकाच्या शिस्तीने मांडले होते.

ही आवृत्ती १९९६ मध्ये काढली होती मँचेस्टरच्याच ‘ब्लड अँड फायर’ या छोट्या लेबलने, म्हणजे ध्वनिमुद्रणे प्रकाशित करणाऱ्या कंपनीने. रेगेचे गाढे अभ्यासक स्टीव्ह बॅरो, ‘सिम्प्ली रेड’ या लोकप्रिय बँडचा गायक मिक हकनॉल आणि त्या बँडचे व्यवस्थापक यांनी १९९३ मध्ये ते सुरू केले होते. पॉप संगीतात मिळवलेला पैसा जमैकातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर खर्च करण्याची बुद्धी कोणाला व्हावी, ही संगीतव्यवसायात तरी दुर्मीळ गोष्ट आहे. २००७ च्या सुमारास या लेबलचे काम थांबले. मी तोवर पुण्याला परतलो होतो आणि ही बातमी मला बऱ्याच उशिरा कळली.

अशा लेबलांच्या ऱ्हासाविषयी बोलताना ‘लोकांनी सीडी घेणे सोडले’ एवढ्यावर विषय संपवण्याची पद्धत आहे. ते खोटे नाही. परंतु ही लेबले नेमके कोणते काम करत होती, हे पाहिल्याशिवाय काय बुडाले ते कळत नाही.

सत्तरच्या दशकातील जमैकात गायकाला बहुधा एका गाण्याचे ठरावीक पैसे हातावर ठेवले जात आणि पुढचे सारे निर्मात्याचे होई. एकाच ‘रिदिम’वर, म्हणजे बेस आणि ड्रमच्या एकाच मुद्रित साथीवर, पाच-दहा निरनिराळी गाणी निघत. त्याच साथीतून गायकाचा आवाज काढून, प्रतिध्वनी मिसळून किंग टबीसारखा अभियंता ‘डब’ तयार करी आणि ते तबकडीच्या मागच्या बाजूला छापले जाई. मग ते डब कोणाचे म्हणायचे? साथीदारांचे, निर्मात्याचे, की मिक्सिंगच्या टेबलाशी बसलेल्या माणसाचे? जमैकाने स्वतःचा आधुनिक स्वामित्वहक्क कायदा केला तो १९९३ मध्ये. तोवर तिथे १९११ च्या ब्रिटिश कायद्याचाच अंमल होता. लेखी करार अपवादानेच सापडत. टेप महाग असल्याने जुन्या मुद्रणावर नवे मुद्रण केले जाई, आणि जे पुसले गेले नाही त्यातले बरेचसे दमट हवेने खराब झाले.

त्यामुळे पुनःप्रकाशन म्हणजे जुनी टेप आणून कारखान्यात छापायला देणे, असे कधीच नव्हते. आधी हक्कदार शोधायचा. एकाच गाण्यावर दोघांनी दावा सांगितला तर त्यातून मार्ग काढायचा. टेप हाती लागली नाही तर जगभरच्या संग्राहकांकडून त्या गाण्याची सर्वांत स्वच्छ तबकडी मिळवायची आणि तिच्यावरून ध्वनी उतरवून खरखर कमी करायची. जमैकात छापलेल्या तबकड्यांचा दर्जा मुळात यथातथाच, म्हणून तशी एक प्रत मिळणे हीसुद्धा मोठी कमाई असे. शेवटी वृद्ध कलावंतांना भेटून, त्यांच्या आठवणी एकमेकांशी ताडून पुस्तिका लिहायची. तरुणपणापासून संधिवाताने जखडलेला आणि कुबड्यांच्या आधाराने चालणारा याबी यू हा निर्माता-गायक ‘ब्लड अँड फायर’च्या १९९७ मधील दुहेरी संग्रहामुळे नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचला. त्याचे संगीत आधीही अस्तित्वात होते. पण ते इकडेतिकडे विखुरलेले होते.

या श्रमांचा खर्च एक हजार प्रती खपोत की दहा हजार, तेवढाच राहतो. नव्वदच्या दशकात सीडीच्या किमतीत हा खर्च सामावून जाई. पुढे तेच संगीत फुकट उतरवून घेता येऊ लागले, आणि गंमत अशी की उतरवल्या जाणाऱ्या फाइली पुष्कळदा याच लेबलांनी स्वच्छ केलेल्या सीडींवरून बनलेल्या असत. त्यानंतर स्ट्रीमिंग आले, ज्यात एकदा ऐकण्याचे मोल सेंटच्याही अंशात मोजले जाते. कोट्यवधी वेळा ऐकल्या जाणाऱ्या गाण्याला हा हिशेब परवडतो. ज्याचे श्रोते जगभर मिळून काही हजार आहेत, त्याला नाही.

मधला दुवाही तुटत गेला. छोट्या लेबलाचा माल वितरक उचलतो आणि पैसे काही महिन्यांनी देतो, त्यामुळे वितरक बुडाला की विकल्या गेलेल्या मालाचे पैसेही बुडतात. जर्मनीतील ‘ईएफए’ २००४ मध्ये आणि ब्रिटनमधील ‘पिनॅकल’ डिसेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीत गेले. ऑगस्ट २०११ मध्ये लंडनच्या दंगलीत एनफील्ड येथील सोनीचे गोदाम जळाले, तेव्हा ‘पियास’ या वितरकाकडे असलेला दीडशेहून अधिक स्वतंत्र लेबलांचा साठा राख झाला. त्यात रेगेखेरीज इतर संगीताची लेबले बरीच होती, परंतु साठा हेच ज्यांचे भांडवल, त्या सगळ्यांच्याच पोटात त्या रात्री गोळा आला असेल.

जी नावे टिकली, त्यांतली बरीच विकली जाऊन टिकली. ‘ट्रोजन’चे उदाहरण बोलके आहे. भारतीय वंशाच्या जमैकन ली गोपथल याने आयलंडच्या साथीने १९६८ मध्ये लंडनमध्ये हे लेबल उभे केले. (जमैकात १८४५ पासून नेल्या गेलेल्या भारतीय मजुरांनी तिथल्या बोलीला ‘गांजा’ हा शब्द दिला, हे रेगेच्या चाहत्यांना ठाऊक असते, त्या संगीताच्या ब्रिटनमधील व्यापाराचा पाया घालणाऱ्यांतही एक भारतीय वंशाचा माणूस होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.) १९७५ मध्ये ते बुडाले, मग हातोहात फिरत २००१ मध्ये ‘सँक्च्युअरी’कडे, २००७ मध्ये ‘युनिव्हर्सल’कडे आणि २०१३ मध्ये ‘बीएमजी’कडे गेले. ‘ग्रीनस्लीव्ज’ २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हीपी’ने घेतले. व्हीपी निदान रेगेच्याच घरातले आहे, किंग्स्टनच्या नॉर्थ परेडवर रेकॉर्डचे दुकान चालवणाऱ्या चिन दांपत्याचे. इतरांच्या हिशेबवहीत मात्र रेगे हे हजार खात्यांपैकी एक खाते आहे.

या छोट्या लेबलांना देव्हाऱ्यात बसवावे असे मला वाटत नाही. रेगेतले जतन करण्याजोगे काय, हे बव्हंशी युरोपातल्या संग्राहकांनी ठरवले आणि त्यांचे मन १९७० ते १९८० या दशकातल्या आध्यात्मिक ‘रूट्स’ संगीतात अडकलेले होते. १९८५ नंतर संगणकी ठेक्यांवर उभ्या राहिलेल्या डान्सहॉलकडे, जो किंग्स्टनच्या सामान्य श्रोत्याचा खरा जिव्हाळा होता, त्यांनी दीर्घकाळ दुय्यम म्हणूनच पाहिले. शिवाय पुनःप्रकाशनाच्या नावाखाली कलावंताला न विचारता तबकड्या छापणारेही कमी नव्हते.

गेल्या काही वर्षांत एलपी पुन्हा फॅशनमध्ये आल्या आहेत, त्यामुळे आता या मंडळींना बरे दिवस आले असतील, असे एका मित्राने मला सुनावले. मागणी वाढली हे खरे. परंतु कारखाने मोजके आणि त्यांच्या दाराशी बड्या कंपन्यांच्या ऑर्डरी उभ्या असल्यावर पाचशे प्रती छापून घेणाऱ्याला ताटकळत राहावे लागते. तरीही लंडनचे ‘प्रेशर साउंड्स’, पोर्टोबेलो रोडवरील दुकानातून वाढलेले ‘ऑनेस्ट जॉन्स’, टोकियोचे ‘डब स्टोअर’ अशा काहींनी चिकाटीने काम पुढे नेले आहे. ‘हार्ट ऑफ द काँगोज’ची चाळिसाव्या वर्षाची आवृत्ती २०१७ मध्ये व्हीपीनेच काढली.

मागच्या पावसाळ्यात बेस गिटार शिकणारा माझा भाचा घरी आला होता. मी फोनवर हाच अल्बम लावला. दोन गाणी झाल्यावर त्याने विचारले, “मामा, हा बेस कोण वाजवतोय?” फोनवर गायकांचे नाव होते, चित्र होते आणि ध्वनिमुद्रणाशी संबंध नसलेले एक अलीकडचे वर्ष होते. मी माळ्यावरचा खोका खाली काढला. पुण्याच्या ओलीने पुस्तिकेच्या पिना गंजल्या होत्या आणि दोन पाने एकमेकांना चिकटली होती. ती हलकेच सोडवून मी त्याला वाचून दाखवले: बेस, बोरिस गार्डिनर, गिटार, अर्नेस्ट रँगलिन. त्याने दोन्ही नावे वहीत उतरवून घेतली.