तुम्ही विचारलंत म्हणून : चांगलं चालणारं डिझेल काढून पेट्रोल इंजिन का बसवलं?

जीप घेऊन कुठे चहाला थांबलं की आधी किंमत विचारली जाते आणि पाठोपाठ हा प्रश्न येतो. माझ्या जीपला पूर्वी मेटॅडोरचं डिझेल इंजिन होतं हे कोल्हापुरात बऱ्याच जणांना माहीत आहे. लिटरला बारा-तेरा किलोमीटर द्यायची, घाटात दमायची नाही. ते काढून मी युद्धकाळातलं साठ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन बसवलं, आणि आता सात-साडेसातच्या वर मिळत नाही. "चालत्या गाडीला खीळ कशाला घातलीत?" असं मिस्त्रींनी विचारलं, सोयऱ्यांनी विचारलं. रस्त्याकडेला उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी गाडी कोणती ते सांगतो. गोल दिव्यांची कुठलीही जुनी जीप दिसली की आपल्याकडे लोक तिला 'विलीज' म्हणून मोकळे होतात. त्यातल्या बहुतेक महिंद्राच्या असतात. १९४७ पासून महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच बनवल्या. तालुक्याच्या कचेरीसमोर नाहीतर साखर कारखान्याच्या आवारात आपण पाहिलेली उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी ती हीच (सीजे म्हणजे 'सिव्हिलियन जीप', लष्कराबाहेरच्या वापराची). तिच्या हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याच्यासाठी बॉनेटही उचलावं लागलं. फार गुणी गाडी, माझं तिच्यावर प्रेम आहे.

माझी जीप त्याच्या आधीची, दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकन लष्कराला इतक्या जीप हव्या होत्या की एकट्या विलीजला ते झेपणारं नव्हतं. मग तेच डिझाइन फोर्डलाही बनवायला दिलं. विलीजची ती एमबी आणि फोर्डची ती जीपीडब्ल्यू. दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. युद्ध संपल्यावर इथे उरलेल्या लिलावात निघाल्या आणि जंगल खात्यापासून बागायतदारांपर्यंत ज्याच्या त्याच्या हाती गेल्या.

युद्धातली जीप ओळखायच्या खुणा सगळे सांगतात. पुढच्या जाळीला नऊ फटी, नंतरच्या सीजेला सात. मागे उघडणारं फाळकं नाही, तिथे स्टेपनी. हेडलाइटचा नट सैल करून दिवा उलटा फिरवला की उजेड थेट इंजिनावर पडतो. खुणा खऱ्या आहेत, पण आपल्या देशात त्यांच्यावर विसंबून गाडी घेऊ नये. इथे पत्रा कुजला की बॉडीच नवी करतात आणि ती करणारे कारागीर नऊ फटीही झकास पाडून देतात. खाली चॅसीशी, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याशी, बसावं लागतं. पुढच्या बंपरमागे आडवा क्रॉस मेंबर असतो, तो गोल पाइपाचा असेल तर विलीज आणि चौकोनी, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. माझ्या गाडीच्या टीसी बुकात, म्हणजे नोंदणीच्या पुस्तकात, मेक म्हणून नुसतं 'जीप' लिहिलेलं होतं. मी खाली झोपून बघितलं तर क्रॉस मेंबर चौकोनी निघाला.

आता चॅसी नंबर. विलीजने नंबरची पट्टी डाव्या चॅसीच्या आतल्या बाजूला रिव्हेट केली. पट्टी काय, काढता येते, दुसरी लावता येते. फोर्डने मात्र नंबर डाव्या चॅसीच्या वरच्या अंगावर, इंजिन माउंटिंगच्या पुढे, थेट लोखंडात ठोकला. आणि माझ्या गाडीत नेमकं तिथेच डिझेल बसवताना नवं माउंटिंग वेल्डिंग केलेलं. करणाऱ्याचा दोष नाही. त्याला इंजिन बसवायचं होतं आणि ती जागा सोयीची होती.

ते वेल्डिंग काढायला ग्राइंडर फक्त कडेला चालवू दिला. पुढचं सगळं काम कानसीने आणि शेवटी पॉलिश पेपरने. लोखंडाची चमक यायला लागली की थांबायचं, रॉकेलने पुसायचं, टॉर्च आडवा धरून बघायचं. उजेड समोरून टाकला तर काही दिसत नाही, बाजूने टाकला की खोलगट रेघांत सावली धरते. आधी जी दिसला, मग पी, डब्ल्यूचा अर्धा भाग वेल्डिंगने खाल्लेला. त्यापुढे आकडे. टीसी बुकात कुठल्याशा कारकुनाने अक्षरं वगळून नुसते आकडे उतरवले होते. एकेक करून ते जुळले. चॅसी आणि कागद इतक्या वर्षांत एकमेकांपासून कधी सुटलेच नव्हते, हे तिथे कळलं. दुर्मीळ म्हणतात ते याला. युद्धातल्या जीपचे सुटे भाग जगात खूप आहेत, नवेसुद्धा मिळतात. आपल्याच नंबरच्या कागदासकट उभी असलेली चॅसी मिळत नाही.

डिझेल काढायचं मी ठरवलं ते तो नंबर वाचल्यावर.

कारण डिझेल इंजिन एकटं येत नाही. ते जड, म्हणून पुढचे स्प्रिंगचे पाटे बसले, मग जादा पाटा घातलेला. त्याचा जोर मूळच्या टी-८४ गिअरबॉक्सला सोसत नाही, म्हणून नंतरच्या जीपचा टी-९० आणलेला. रेडिएटर मोठा हवा, म्हणून पुढचा पत्रा कापलेला. मूळ वायरिंग सहा व्होल्टचं, ते बारा केलेलं. एका इंजिनापायी अर्धी गाडी बदललेली होती. आणि चॅसी मात्र सुदैवाने कुठेही कापलेली नव्हती, फक्त वेल्डिंगने डागलेली होती. परत जाता येईल असा रस्ता शिल्लक होता, म्हणून गेलो.

इथे एक सांगायलाच हवं. ज्या शेतकऱ्याने हिला डिझेल बसवलं, त्याच्यामुळे ही गाडी वाचली. पेट्रोल परवडत नव्हतं, पार्ट मिळत नव्हते, तेव्हा डिझेल घातलं नसतं तर ही केव्हाच भंगारात तुटली असती. परदेशातले शौकीन असल्या बदलांना नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. हिने ऊस लावणीच्या मजुरांना शिवारात नेलंय, नवरदेवाची वरात काढलीय. काढलेलं इंजिनही मी भंगारात घातलं नाही. गगनबावड्याकडच्या एका जीपमध्ये ते आजही चालू आहे.

पेट्रोल इंजिन मिळालं सांगलीकडे, एका गॅरेजमागे ताडपत्रीखाली. युद्धकाळातलं हे इंजिन म्हणजे विलीजचं 'गो डेव्हिल', २१९९ सीसी, चार सिलिंडर, सगळे व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये. हेड म्हणजे वर नुसतं झाकण. टायमिंगचं कव्हर उघडलं आणि आत चेन होती. युद्धानंतरच्या सीजेत काही काळाने चेन जाऊन गिअर आले, त्यामुळे चेन दिसल्यावर मी जास्त घासाघीस केली नाही. पुढचं काम कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत. बोअर करून स्लीव्ह टाकल्या, क्रँक ग्राइंड केला, व्हॉल्व्ह गाइड लेथवर करून घेतले. असल्या कामाला कोल्हापूरसारखं गाव नाही. मोजमाप हातात दिलं की तिथला टर्नर गाडीचं नावसुद्धा विचारत नाही, संध्याकाळी पार्ट तयार.

इंजिन विलीजचं आणि चॅसी फोर्डची, मग हे कसलं ओरिजिनल, असंही विचारतात. दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकांना बसावेत असंच लष्कराचं म्हणणं होतं, आणि लष्कराच्या दुरुस्ती डेपोत हाताला येईल ते इंजिन समोरच्या जीपला बसायचं. त्यामुळे ही जोडी मला खटकत नाही. फोर्ड आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, एफ ठोकायचं. माझ्या गाडीत असे थोडे बोल्ट सापडले, ते होते तिथेच ठेवलेत. बाकीचे साधे आहेत आणि साधेच दिसतात. परदेशातून एफचे नवे बोल्ट मागवून ती जागा भरायची मला इच्छा नाही.

इंधनाचं म्हणाल तर हे इंजिन कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठीच बनलंय, आजच्या पेट्रोलची ताकद त्याला पुरून उरते. इथेनॉल मात्र जुन्या रबराला खातं. पंपाचा डायफ्राम, होज, कार्बोरेटरचे वॉशर, सगळं इथेनॉल सोसणाऱ्या मालाचं घालावं लागलं. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असल्याने गळतीला इथे माफी नाही.

कायद्याचीही बाजू आहे. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपातली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली, अशी असेल तर नव्या नोंदणीत तिला 'व्हीए' मालिकेतला वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी चालवता येत नाही. मेटॅडोरच्या इंजिनावर हा अर्ज करणंच शक्य नव्हतं.

आता ज्यांच्या घरी आजोबांची जीप आहे आणि जे मला विचारतात, आम्हीही डिझेल काढू का, त्यांच्यासाठी. चॅसी कापून लांब केलेली असेल, नंबर गेला असेल, तर काढू नका. आहे त्या डिझेलवर मजेत वापरा, तेल-पाणी बघा. चॅसी शाबूत असेल तर वेल्डर बोलावण्याआधी डाव्या बाजूला, इंजिन माउंटिंगच्या पुढे-मागे हाताने घासून बघा. नंबर सापडला तर पासिंगला करतात तसा त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या, टीसी बुकाशी ताडून पाहा, आणि मग मला फोटो पाठवा. बाकीचं आपण फोनवर बोलू.