धुऱ्यावरचं रताळं

श्रावणात आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बोरीच्या झुडपात कळलावी फुलते. सहा पाकळ्या, कडा कुरळ्या, बुडाशी पिवळ्या अन् टोकाला लाल. सगळ्या मागे वळलेल्या, चुलीतल्या जाळासारख्या. पानाचं टोक बारीक होत जाऊन त्याची दोरी होते आणि जवळ जे सापडेल त्याला ती पीळ घालते.

घरात लावली तर भांडणं होतात म्हणे. मी तरी ती धुऱ्यावरच पाहिली, आणि आमच्याकडं धुऱ्यावर भांडायला वेलाची गरज पडत नाही. पण ‘कळ’ म्हणजे भांडण तसं ‘कळा’ म्हणजे बाळंतवेणा. अडलेल्या बाईच्या तळपायाला, बेंबीला सुईणी हिच्याच कंदाचा लेप लावायच्या. नावात दोन्ही बसलंय.

मी दहा वर्षांचा असेन. दिवाळी होऊन गेली होती, आबाजी रानडुकरांसाठी तारेचं कुंपण घालत होते. सब्बलीनं खड्डा खणताना मातीतून बोटभर जाड, गुळगुळीत, तपकिरी कंद वर आला. रताळंच! मी तो सदऱ्याला पुसून तोंडाजवळ नेला, तसा आबाजींनी हातावर फटका मारला.

"फेक थे! कळलावी हाय. खाल्लं त मरशीन."

मला पटेना. फूल कुठाय, वेल कुठाय? पाऊस सरला की वेल वाळून जातो, जमिनीत उरतो फक्त कंद, हे मला कुठं ठाऊक. मग त्यांनी कंद हातात धरून दाखवला. रताळं मधे फुगतं, दोन्हीकडं निमुळतं होतं, अंगाला मुळ्या असतात. हा मात्र मधेच काटकोनात वाकलेला, दोन टोकं दोन दिशांना. "नांगरावानी," ते म्हणाले. संस्कृतात हिला लांगली म्हणतात, लांगल म्हणजे नांगर, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आबाजी चौथी शिकलेले.

विष कोल्चिसिनचं. संधिवाताच्या एका प्रकारावर हेच औषध गोळीतून देतात, अर्धा मिलिग्रॅम वगैरे. ते पेशींचं विभाजनच थांबवतं. कंद पोटात गेला तर पहिले काही तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब. माणसाला वाटतं, शिळं खाल्लं असेल. वाचलाच तर आठवड्या-दोन आठवड्यांनी डोक्यावरचे केस झडतात. श्रीलंकेत कंदमूळ समजून शिजवून खाल्ल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

आबाजींनी मला टाकीवर नेऊन दोनदा हात धुवायला लावले. कंद मात्र त्याच खड्ड्यात खांबाच्या बुडाशी टाकून माती लोटली. पुढच्या श्रावणात त्या खांबावर वेल चढला होता.

त्या सोमवारी आईनं उपासाची रताळी उकडली. मी एकेक उचलून वळवून पाहिलं आणि जरा वाकडं होतं ते बाजूला ठेवलं. ते धाकट्यानं खाल्लं.