बटणाची नोंद

मी सत्र न्यायालयात लघुलेखक आहे. साक्षीच्या वेळी वकिलांचा चढणारा आवाज, बाकांकडे टाकलेली नजर, साक्षीदाराचा सुकलेला घसा, यातलं काही टाइप होत नाही. कागदावर उरतं ते एवढंच: ‘हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे.’

त्या खुनाच्या खटल्यात मयताची आई पिंजऱ्यात होती. सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तरं देताना, तिने मुलाचा शर्ट ओळखला होता. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी तोच शर्ट मुद्देमालाच्या पाकिटातून काढला, दोन्ही हातांनी उंच धरला आणि कोर्टातली कुजबुज थांबेपर्यंत गप्प राहिले. मग अगदी हळू विचारलं, “बाई, असे शर्ट बाजारात शेकड्यांनी मिळतात, खरं ना?”

“हो.”

न्यायाधीश साहेबांनी सांगितलं, मी टाइप केलं: ‘हे खरे आहे की असे शर्ट बाजारात मिळतात.’ वकील पुढच्या प्रश्नाकडे वळलेसुद्धा. पण बाईंनी शर्टासाठी हात पुढे केला होता. शिपायाने तो दिला. त्यांनी वरून दुसरं बटण चिमटीत धरून साहेबांना दाखवलं. तेवढंच हिरव्या दोऱ्याने शिवलेलं. तोंडातून शब्द फुटेना.

साहेब मला म्हणाले, “घ्या. साक्षीदार शर्टाचे दुसरे बटण धरून दाखवते. ते हिरव्या दोऱ्याने शिवलेले आहे.”

वकिलांनी हरकत घेतली, हे मत झालं म्हणून.

“मत निकालात देईन. ही कृती आहे.”

वकिलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आरोपीसाठी जीव तोडून लढणं हे त्यांचं कामच, आणि अशाच उलटतपासणीत कितीतरी खोट्या साक्षी उघड्या पडलेल्या मी पाहिल्यात. पण अपिलात न्यायमूर्तींसमोर ती बाई नसते, कागद असतो. साक्षीदाराच्या वर्तनाची नोंद घेण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २८० मध्ये होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३१५ मध्ये आहे. माझ्यासमोर तिचा वापर क्वचितच होतो, याचं वाईट वाटतं. नोंद मात्र कृतीचीच हवी. ‘साक्षीदार घाबरलेला दिसतो’ यावर माझा भरवसा नाही. खरं बोलणाराही पिंजऱ्यात थरथरतो.

जबाब वाचून दाखवताना बाईंना कंठ फुटला. “बटण मीच लावलंय. पांढरा दोरा संपला होता. तेही लिहा.”

साहेबांनी ते कोर्टाने स्वतः विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून घेतलं आणि वकिलांना त्यावर उलटतपासणीची मुभा दिली. त्यांनी लगेच विचारलं, “हे पोलिसांना का सांगितलं नाही?”

“कुणी विचारलंच नाही, साहेब.”

तेही टाइप केलं.