पावसाळा, गोचिड आणि आमचा शेरू

पाऊस सुरू झाला की शेरूचे कान उलटे करून बघणं हे रोजचंच काम होऊन बसतं, कारण गोचिडांना कानाची आतली बाजू, पंजाच्या बोटांमधल्या फटी आणि पट्ट्याखालची जागा भारी आवडते. सापडली की चिमट्याने अगदी कातडीलगत धरायची आणि सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही. रॉकेल लावा वगैरे सल्ले सोसायटीत फुकट मिळतात, ऐकू नका.

आणि नुसता कुत्रा साफ करून भागत नाही हो, रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत नाहीतर कपाटामागे हजारोंनी अंडी घालते, म्हणून त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवायचं, कोपरे झाडायचे. औषध डॉक्टरांकडून, वजन करूनच. घरात मांजर असेल तर आधी सांगा, कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं. ताप, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, जेवण सोडणं असं काही दिसलं तर थांबू नका, गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया किंवा बबेसिया हा आजार असू शकतो, रक्त तपासून घ्या.

जेवण म्हणाल तर भात, उकडलेलं चिकन, थोडा भोपळा, पण एवढ्यावर कॅल्शियम कमी पडतं, ते डॉक्टरांना विचारून द्यायचं. कांदा-लसणाचा रस्सा नको आणि मनुका तर अजिबातच नको, प्रसादाच्या शिऱ्यातल्यासुद्धा. आजी म्हणते, "देवाचा प्रसाद बाधतो होय रे?" तिला कोण समजावणार, आता शेरूचा प्रसाद म्हणजे खोबऱ्याचा तुकडा.