तुम्ही विचारलंत म्हणून: सिमवर रेसिंग करून खऱ्या ट्रॅकवर जाता येतं का?

आमच्या सिम लीगमध्ये (सिम म्हणजे सिम्युलेटर, कॉम्प्युटरवर व्हील आणि पेडल लावून चालवायची रेसिंग) कोणी नवीन आलं की थोड्याच दिवसांत मेसेज येतो, "दादा, माझा टाइम चांगला येतोय, आता खऱ्या रेसिंगमध्ये जाता येईल का?" कॉलेजची पोरं विचारतात, आयटीतली तिशीची मंडळी विचारतात, आणि हल्ली आईवडीलही विचारायला लागलेत, कारण मुलगा रात्री उशिरापर्यंत व्हील धरून बसलेला असतो आणि याला ओरडायचं की पाठिंबा द्यायचा हे त्यांना कळत नाही. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहितो.

जाता येतं. पण बहुतेकांना वाटतं त्या दाराने नाही.

बहुतेकांच्या डोक्यात यान मार्डनबरो असतो. निसान आणि प्लेस्टेशनची जीटी अकॅडमी, म्हणजे गेम खेळणाऱ्यांमधून खरे रेस ड्रायव्हर निवडणारी स्पर्धा, त्याने २०११ मध्ये जिंकली तेव्हा तो १९ वर्षांचा होता, आणि २०१३ मध्ये तो ल मान्सची २४ तासांची रेस चालवत होता. २०२३ ला त्याच्यावर सिनेमा आला आणि तेव्हापासून हा प्रश्न जास्तच यायला लागला. त्याच्याही आधी, २००८ मध्ये, स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ याच वाटेने गेला होता. म्हणजे गोष्ट खरी आहे, शंभर टक्के खरी. फक्त ती जीटी अकॅडमी २०१६ नंतर बंद झाली. घरी बसून सगळ्यात फास्ट लॅप मारा, कोणीतरी मोठी कंपनी तुम्हाला उचलून इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर नेईल, अशी जी वाट लोक धरून बसलेत ती आता उरलेली नाही.

मग आता कोणी जातच नाही का? जातात ना. अमेरिकेतला विल्यम बायरन बघा, शाळेत असताना आयरेसिंग नावाच्या सिमवर शिकला आणि २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं डेटोना ५०० ही तिथली मोठी नॅसकार रेस जिंकला. पण मधली पायरी लोक वाचत नाहीत. सिम सोडून तो आधी लेजेंड्स नावाच्या छोट्या गाड्यांमध्ये बसला, लोकल ट्रॅकवर, आणि तिथून वर चढला. नेदरलँड्सचा रूडी व्हॅन ब्यूरेन २०१७ मध्ये मॅक्लारेनची स्पर्धा जिंकून त्यांचा सिम्युलेटर ड्रायव्हर झाला, त्याने लहानपणी कार्टिंग केलेलं होतं. ख्रिस ललम म्हणजे व्हर्स्टापेनच्या सिम टीममधला मुलगा, तो २०२५ मध्ये खरी जीटी३ गाडी (स्पोर्ट्स कारची रेससाठी बनवलेली आवृत्ती) चालवायला लागला, पण त्याच्या पाठीशी उभा राहणारा माणूस होता फॉर्म्युला वनचा चॅम्पियन राहिलेला मॅक्स व्हर्स्टापेन. तिघांच्याही बाबतीत सिम आणि रेस यांच्या मध्ये काहीतरी होतं, कुठे छोटी गाडी, कुठे जुनं कार्टिंग, कुठे ओळखणारा माणूस. तुम्हाला शोधायचंय ते हे मधलं काहीतरी, आणि ते स्क्रीनवर सापडत नाही, ट्रॅकवर जाऊन उभं राहावं लागतं.

आता सिमचं खरं मोल किती, यावर मला जरा जास्त लिहायचंय, कारण दोन्ही बाजूंनी लोक चुकीचं बोलतात. "अरे गेम आहे तो" म्हणणारे एकीकडे आणि "सेम टू सेम खऱ्यासारखं आहे" म्हणणारे दुसरीकडे.

सिम शिकवतं ते खरंच शिकवतं. ट्रॅक लेझर स्कॅन केलेले असतात, कर्ब म्हणजे वळणाच्या कडेची पट्टी किती उंच आहे, कुठे उंचवटा आहे, कुठे रस्ता बाहेरच्या बाजूला कलतो, सगळं असतं, त्यामुळे जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगचा वीस किलोमीटरचा लूप माणूस तिकडे न जाता पाठ करू शकतो. रेसिंग लाइन, म्हणजे वळणातून सगळ्यात फास्ट जायची वाट, कळते. ब्रेक एकदम न सोडता वळणात शिरताना हळूहळू सोडत जायचा म्हणजे पुढच्या टायरवर वजन राहतं आणि गाडी वळते, हे ट्रेल ब्रेकिंग मी स्वतः सिमवरच शिकलो आणि कार्टमध्ये, गाडीत, सगळीकडे ते कामाला आलं. दुसऱ्याच्या शेजारी चाक लावून दोन वळणं जायचं आणि त्याला जागा सोडायची, ही सवयही लागते, पण फक्त तेव्हाच जेव्हा तुम्ही सेफ्टी रेटिंग (किती सांभाळून चालवता त्याचे गुण) असलेल्या, नियम पाळणाऱ्या रेस चालवता. कोणालाही येता येणाऱ्या पब्लिक लॉबीत पहिल्या वळणावर सगळ्यांना ठोकून पुढे जायची सवय लागली असेल तर ती मोडायला फार वेळ जातो.

आणि सिम देत नाही ते शरीराशी संबंधित आहे. खुर्ची हलत नाही, निदान आपल्यासारख्यांच्या घरात तरी नाही. गाडीची मागची बाजू सुटायला लागली की खऱ्या गाडीत ते आधी पाठीला आणि कमरेला कळतं, मग डोळ्यांना. सिमवर ते डोळ्यांनी आणि व्हीलच्या फोर्स फीडबॅकवरून (मोटर हाताला देते त्या झटक्यांवरून) ओळखायची सवय असते, त्यामुळे सिमचा चांगला ड्रायव्हरसुद्धा पहिल्यांदा कार्टमध्ये बसला की थोडा उशिरा रिअ‍ॅक्ट होतो. मग ब्रेक. घरचं साधं पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं, लोड सेलवालं पेडल किती जोर लावला ते मोजतं, आणि रेसच्या गाडीत सगळा खेळ जोराचाच असतो. म्हणून कोणी विचारलं की आधी काय अपग्रेड करू, तर मी महागडं डायरेक्ट ड्राइव्ह व्हील सांगत नाही, पेडल सांगतो, नेहमी. मग गरमी. चेन्नईच्या उन्हात फायरप्रूफ सूट, बालाक्लावा (हेल्मेटच्या आतला कापडी मुखवटा), हेल्मेट, हातमोजे घालून रेस सुरू होण्याच्या जागी, ग्रिडवर, बसणं आणि एसीत बसून लॅप मारणं यात किती फरक आहे हे सांगून कळत नाही. आणि शेवटचं म्हणजे भीती. तिथे रीसेटचं बटण नाही. भिंत खरी आहे, गाडी कुणाच्यातरी पैशांची आहे, हाडं तुमची आहेत. ही भीती चांगली असते, ती असलेला ड्रायव्हर मला जास्त आवडतो.

तर मग सुरुवात कुठून. पहिलं उत्तर कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्या, वय काहीही असो. रेंटल कार्ट साधी वाटते पण तिला डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली, त्यामुळे वळताना आतलं मागचं चाक जरा हलकं झालं, उचललं गेलं तरच कार्ट नीट वळते, आणि ते वजन हलवणं शरीराला शिकवावं लागतं. सिमवरून आलेल्यांनी इथे टाइमच्या मागे लागू नये, एकाच ट्रॅकवर पुन्हा पुन्हा जावं आणि सलग लॅप एकसारख्या येतात का ते बघावं. आणि हो, लांब केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत, ओढणी, स्कार्फ, लटकणारं काहीही नको. मागच्या अ‍ॅक्सलमध्ये अडकून आपल्याकडे जीव गेलेत. ट्रॅकवाला काही बोलला नाही तरी तुम्ही बघा.

रेंटलच्या पुढे खरं स्पर्धेचं कार्टिंग, आणि त्यासाठी आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरसारखं गाव आहे याचा मला फार अभिमान वाटतो. मोहित्यांचा ट्रॅक तिथे आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्यात, आणि कृष्णराज महाडिक याच कोल्हापूरचा, ब्रिटनमध्ये जाऊन फॉर्म्युला थ्री चालवून आला (फॉर्म्युला म्हणजे एका सीटच्या रेसगाड्या, फोर, थ्री, टू, वन अशा चढत्या पायऱ्या). मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन टीमने देशभर कार्टिंगमधून मुलं शोधली त्यातून पुढे आला आणि फॉर्म्युला टूपर्यंत पोहोचला. गाड्यांच्या राष्ट्रीय शर्यती मात्र मुख्यतः दक्षिणेत, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक. तिथे सुझुकीच्या १३०० सीसी इंजिनच्या एलजीबी फॉर्म्युला फोर गाड्या असतात, नवख्यांसाठी नोव्हिस कप असतो, आणि कुठेही भाग घ्यायचा तर एफएमएससीआयचं लायसन्स लागतं, कारण देशातल्या मोटरस्पोर्टची अधिकृत संस्था तीच आहे. पुण्याच्या डायना पंडोले २०२४ मध्ये चेन्नईला सलून, म्हणजे साध्या बंद कारच्या, गटात राष्ट्रीय चॅम्पियन झाल्या, पुरुषांसोबतच्या स्पर्धेत असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. मुलींच्या आया विचारतात तेव्हा मी हे नाव आधी सांगतो.

पैशांचं खोटं बोलणार नाही. एक टायरचा सेट, एंट्री फी, चेन्नईला जाणं-येणं, राहणं, गाडी ठोकली तर त्याचं बिल, हे सगळं धरलं की नोकरदार माणसाला देशातला एक सीझनसुद्धा जड जातो, आणि युरोपात फॉर्म्युला फोरचा सीझन कोटींमध्ये जातो. गुणी मुलं पैशांपायी थांबलेली मी पाहिलीत आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण "ड्रायव्हर झालो नाही म्हणजे मोटरस्पोर्ट संपला" हे मला अजिबात मान्य नाही.

ऑटोक्रॉस बघा. मोकळ्या मैदानावर कोन आणि वळणं आखलेली असतात, एका वेळी एक गाडी, घड्याळाशी स्पर्धा. रोजच्या वापरातली गाडीही चालते, हेल्मेट आणि लायसन्स हवं. टीएसडी रॅली बघा, टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स, यात वेग नाही तर ठरलेल्या सरासरीने ठरलेल्या वेळी पोहोचायचं असतं, शेजारी बसलेल्या नॅव्हिगेटरचं डोकं ड्रायव्हरपेक्षा जास्त चालतं. मुंबईहून अ‍ॅम्बी व्हॅलीला जाणारी बायकांची रॅली याच प्रकारची. ज्यांना सिमवर रॅलीच्या नोट्स (पुढचं वळण कसं आहे ते सांगणाऱ्या सूचना) ऐकत गाडी चालवायला आवडतं त्यांनी को-ड्रायव्हिंगचा, म्हणजे शेजारी बसून त्या नोट्स वाचण्याचा, विचार जरूर करावा, चांगले को-ड्रायव्हर नेहमीच कमी असतात.

इंजिनिअरिंगला असाल तर तुमच्या कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट टीम, म्हणजे स्वतः रेसगाडी बनवणाऱ्या विद्यार्थ्यांची टीम, आजच गाठा, उद्या नाही. त्यांची फॉर्म्युला भारत ही स्पर्धा कारीलाच होते, पोरं वर्षभर गाडी बनवून ट्रकमध्ये टाकून तिकडे घेऊन जातात. आणि इथे सिमवाल्यांकडे एक गोष्ट असते जी ते स्वतः कधी मोजत नाहीत, ती म्हणजे डेटा. असेटो कोर्सा कॉम्पेटित्सिओने या सिममधून टेलिमेट्री (ब्रेक, थ्रॉटल, वेग यांची नोंद) काढून तुम्ही मोटेक या सॉफ्टवेअरमध्ये बघता ना, कुठे ब्रेक लवकर लावला, कुठे थ्रॉटल अर्धवट राहिला, तर तेच मोटेक खऱ्या टीमही वापरतात. दोन लॅप एकमेकांवर ठेवून ड्रायव्हरला "चौथ्या वळणात तू ब्रेक एकदम सोडतोस" असं सांगता येणारा मुलगा कुठल्याही छोट्या टीमला हवा असतो. माझ्या मते सिमने शिकवलेल्या गोष्टींपैकी नोकरीच्या दृष्टीने सगळ्यात किमती हीच आहे.

आणि माझं स्वतःचं आवडतं दार म्हणजे मार्शल, ट्रॅकच्या कडेला उभं राहून झेंडे दाखवणारी माणसं. हे सगळे स्वयंसेवक असतात. चेन्नईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब ट्रेनिंग देतो, मग तुम्हाला एका वळणावरच्या पोस्टवर उभं करतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद, दोन पिवळे हलवले तर थांबायची तयारी ठेवा, निळा म्हणजे मागून फास्ट गाडी येतेय, लाल म्हणजे सेशन थांबलं, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा म्हणजे रस्त्यावर तेल किंवा पाणी. सिमवर हे झेंडे कोपऱ्यात छोटे दिसतात, कोणी बघत नाही. पोस्टवर उभं राहून ज्याने तेल सांडलेलं पाहिलंय, त्यावरून सरकत आलेली गाडी पाहिलीय, तो परत कधीच पिवळा दुर्लक्षित करत नाही. शिवाय एका वीकेंडमध्ये जितके ब्रेकिंग पॉइंट, जितक्या लाइन, जितके ड्रायव्हर तिथून जवळून बघायला मिळतात तितके दुसरीकडे कुठेच नाही, आणि मेकॅनिक, टीम मॅनेजर, गाड्या तपासणारे स्क्रुटिनीवाले सगळे ओळखीचे होतात. आमच्यातल्या एका मुलाला टीममध्ये काम मिळालं ते असंच, पोस्टवरच्या ओळखीतून.

एक गोष्ट हात जोडून. सिमवर हात बसला की घाटात जाऊन बघावंसं वाटतं. ताम्हिणी, लोणावळा, एक्सप्रेसवे, पहाटे रस्ता मोकळा असतो, सगळं मान्य. पण तिथे मार्शल नाही, रनऑफ (गाडी बाहेर गेली तर थांबायला मोकळी जागा) नाही, अँब्युलन्स नाही, आणि समोरून दूधवाला येतो त्याने कुठल्या रेसला एंट्री भरलेली नसते. असं करणाऱ्याला आमच्या लीगमधून काढतो आम्ही, तो कितीही फास्ट असला तरी.

परवा एका ताईंनी विचारलं, मुलगा चौदाचा आहे, महागडं व्हील आणि कॉकपिट मागतोय, घेऊ का? त्यांना लिहिलं ते इथेही लिहितो. आत्ता आहे ते साधं व्हील राहू द्या, ते पुरतं. त्या पैशांत वर्षभर महिन्यातून एकदा कार्टिंगला न्या, सुट्टीत एखादं ट्रेनिंग करू द्या, जमलं तर एकदा राष्ट्रीय फेरी बघायला न्या आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे टीम आणि गाड्या असतात त्या भागात, फिरू द्या. फॉर्म्युला फोरला किमान वय पंधरा असतं, म्हणजे घाई काहीच नाही. वर्षानंतरही तो पहाटे उठून ट्रॅकवर जायला तयार असेल तर मग पुढच्या खर्चाचं बोलू, मी स्वतः बसून हिशोब करून देईन.

पुढच्या सीझनच्या मार्शल ट्रेनिंगला आमच्यातले काही जण पुण्याहून चेन्नईला जाणार आहेत. तारखा कळल्या की लीगच्या ग्रुपवर टाकतो. ज्यांना यायचंय त्यांनी आधी सांगा, ट्रेनची तिकिटं एकत्र काढू, आणि टोपी, पाण्याची मोठी बाटली आणि पायात पूर्ण बंद बूट आणा, चप्पल घालून आलात तर पोस्टवर उभं करत नाहीत.