त्याच झाडाला अख्खं लाल फूल

१८ जानेवारी, रविवार

सकाळी झाडांना पाणी घालताना मधल्या कुंडीपाशी थबकलेच. तिथला डेलिया दुरंगी आहे, लाल पाकळ्या आणि प्रत्येकीचं टोक पांढरं, या सीझनला आलेली सगळी फुलं तशीच होती आणि आज त्याच झाडाच्या बाजूच्या फांदीवर अख्खं लाल फूल, पांढरा ठिपकासुद्धा नाही. पाइप खाली टाकून आधी फांदी बुडापर्यंत चाचपून बघितली, शेजारी दुसरंच रोप तर उगवलं नाही ना म्हणून, पण नाही, खोड एकच.

दुरंगी डेलियात असं होतं हे वाचलं होतं, घरी बघायला मिळालं ते आज. टोकाकडच्या भागात लाल रंग बनवणारं जनुक झाड स्वतःच बंद करून ठेवतं म्हणून तो भाग पांढरा राहतो, आणि एखाद्या फुलात हे बंद करणं नीट होतच नाही, मग फूल सगळंच लाल. केवढी गंमत आहे ही! दुपारपर्यंत तीनदा जाऊन बघून आले.

यावर्षी पाऊस ओसरल्यावर मी दोन्ही प्रकार लावले, नर्सरीतून आणलेली कटिंगची रोपं आणि बियांचं मिक्स पाकीट. कटिंगचं कसं, आईझाड गुलाबी तर रोप गुलाबी, विषय संपला. बियांचा मात्र काही नेम नाही. बहुतेक झाडांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतल्या डेलियात आठ, त्यामुळे प्रत्येक बी आपलं वेगळंच काहीतरी घेऊन येते. एका ट्रेमधली रोपं, माती तीच, शेणखत तेच, आणि एक केशरी, एक लिंबाच्या सालीसारखं पिवळं, एक इतकं गडद मरून की सावलीत काळं वाटतं. निळा तेवढा डेलियात नैसर्गिक येत नाही. लोक कटिंगच घ्या म्हणतात, फूल मोठं येतं म्हणून, ते खरंही आहे, जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात मोठमोठे डेलिया बघून मीही थक्क होते, पण कळी फुगायला लागली की आत कुठला रंग असेल याची जी हुरहुर असते ती बियांच्या झाडालाच, मला तरी तीच जास्त प्रिय आहे.

कळ्या खुडायचं काम मात्र दोन्हींना सारखंच. फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतात, मधली ठेवायची आणि बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच नखाने काढायच्या, म्हणजे सगळी ताकद एका फुलाला मिळते. सासूबाईंना हे बघवत नाही, "अगं राहू दे की, तीही फुलंच आहेत ना" म्हणतात, म्हणून त्यांच्या खिडकीसमोरच्या दोन कुंड्यांना मी हात लावत नाही. तिथे फुलं लहान येतात पण भरपूर येतात, आणि रोज सकाळी देवाला त्यातलंच एक जातं.

पुण्यात सध्या रात्री गारठा आहे तो यांना मानवतो. मूळ मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं झाड, तिथलं ते १९६३ पासून राष्ट्रीय फूल आहे, त्याला दिवसा ऊन आणि रात्री गारवा लागतो. म्हणूनच उन्हाळा चढला की आपल्याकडचे डेलिया मान टाकतात. त्याआधी भुरी येते, पानांवर पांढरी पावडर धरते, तिच्यासाठी खालची पानं काढून हवा खेळती ठेवायची आणि पाणी पानांवर न मारता बुडाशी द्यायचं.

आज संध्याकाळी बसून सगळ्या झाडांना सुतळीने चिठ्ठ्या बांधल्या, रंग आणि उंची लिहून. झाडं वाळली की कंद सगळे सारखेच दिसतात, रताळ्याच्या घोसासारखे, मग कुठला केशरी आणि कुठला मरून हे कुणाला कळणार. पानं पिवळी पडली की पाणी तोडायचं, कंद काढून सावलीत सुकवायचे आणि कोरड्या वाळूत ठेवायचे, वेगळे करताना प्रत्येकाला जुन्या खोडाचा तुकडा राहिलाच पाहिजे कारण डोळा तिथे असतो, नुसत्या कंदाला फुटवा येत नाही.

दुरंगीच्या त्या लाल फांदीला वेगळी चिठ्ठी बांधलीय. फूल उतरलं की तिथलंच कटिंग लावून बघणार आहे, लाल येतंय की पुन्हा पांढरी टोकं.